राउटरची बिटं: बारा नगांचा डबा की तीनच?

भाच्याच्या तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यासाठी, सागवानाचा नंदी करायला घेतला, तेव्हा माझ्याकडे ट्रिमर (लाकडाच्या कडा आणि खाचा कापायचं, हातात धरायचं लहान राउटर मशीन) येऊन जेमतेम महिना झाला होता. सोबत बिटांचा, म्हणजे त्यात बसवायच्या फिरत्या पात्यांचा, एक लाकडी डबा होता, बारा नगांचा, नऊशे रुपयांचा. नंदी पटाशी आणि पॉलिश पेपरवर जमून गेला. बिघडला तो खालचा पाट, ज्याला चाकं लावतात तो. चार कडांना गोलाई मारायची, एवढंच काम होतं. आडव्या टोकाला बिट अडखळलं, लाकूड करपून काळं झालं आणि शेवटच्या कोपऱ्यावर नखाएवढी ढलपी उडून बाल्कनीबाहेर गेली. भाच्यानं बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आत्या, हे नंदीनं खाल्लं का?"

त्या दिवशी मी सगळा दोष स्वस्त बिटाला दिला. पुढच्या दोन वर्षांत कळलं की निम्मा दोष माझा होता. उरलेला निम्मा मात्र खरंच बिटाचा होता आणि तो दुकानातच दिसला असता. पाहायचं कुठे हे मला ठाऊक नव्हतं. हा लेख घरी, हौसेनं, लहान ट्रिमर किंवा पाव इंची राउटर वापरणाऱ्यांसाठी आहे. दिवसाला कपाटांची दहा शटरं काढणाऱ्या कारखान्याचं गणित वेगळं असतं.

आधी कोलेट मोजा

बिट स्वस्त की महाग हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न म्हणजे ते तुमच्या मशीनमध्ये घट्ट बसतं का.

बिटाच्या दांड्याला शँक म्हणतात आणि मशीनच्या तोंडाशी ती धरणाऱ्या पकडीला कोलेट. बाजारात ६ मिलिमीटरची शँक मिळते आणि पाव इंचाचीही मिळते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आपल्या मिस्त्री लोकांच्या भाषेत दोन सूत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पाव इंची कोलेटमध्ये ६ ची शँक घातली की नट आवळला जातो, हाताला घट्टही लागतो, पण कोलेटची बोटं शँकला सगळीकडून धरत नाहीत. मी नेमकं हेच केलं होतं. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये फळीसाठी सहा मिलिमीटर खोल खाच मारत होते. सुरुवात सरळ झाली. अर्ध्यावर आवाज बदलला, तरी मी मशीन रेटत राहिले. फळी उलटी केली तेव्हा मागच्या बाजूनं बिट डोकावत होतं. फिरता फिरता ते कोलेटमधून हळूहळू खाली सरकलं होतं.

आमच्या इमारतीत कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं काम करणाऱ्या मिस्त्रींना ते दाखवलं. त्यांनी बिट हातात घेतलं, मशीन उलटं केलं आणि म्हणाले, "ताई, बिटाले काउन शिव्या देता? कोलेट पहा न आधी." मग खिशातून व्हर्निअर काढून त्यांनी दोन्ही मोजून दाखवलं.

म्हणून पहिली खरेदी बिटाची नाही, डिजिटल व्हर्निअर कॅलिपरची. काहीशे रुपयांत साधा मिळतो. मशीनच्या पुस्तिकेत कोलेटचं माप लिहिलेलं असतं. काही मशीनबरोबर दोन्ही मापांची कोलेट येतात. पुस्तिका हरवली असेल तर मशीनबरोबर आलेलं मूळ बिट मोजा. ८ मिलिमीटर आणि अर्ध्या इंचाची बिटं मोठ्या राउटरची असतात, तिकडे आपण जायचं नाही. एका मापाचं बिट दुसऱ्या कोलेटमध्ये बसवायला पातळ नळी मिळते, तीही ट्रिमरमध्ये नको.

माप ठरलं की ते एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. ऑनलाइन घेताना हमखास घोळ होतो, कारण विक्रेते बरेचदा "६ मिमी / पाव इंच" असं एकाच ओळीत ठोकून देतात.

वर्षभरात काय कापणार, ते लिहा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पैसे इथेच वाचतात. कागदावर तीन रकाने करा: काम, लाकूड, अंदाजे लांबी.

माझ्या पहिल्या वर्षाचा कागद असा होता. स्वयंपाकघरातल्या दहा शटरांवर नवीन सनमायका लावून कडा साफ करणे, प्लाय. दोन पुस्तकांच्या मांडण्या, फळ्यांसाठी खाचा, प्लाय. पाट, चौरंग आणि नंदीचा पाया, कडांना गोलाई, सागवान. एक फोटोफ्रेम, नक्षीदार कड.

आता लांबी काढा. दोन बाय दोन फुटांच्या एका शटरला चारही बाजू धरून आठ फूट कड येते. दहा शटरांची ऐंशी फूट, म्हणजे साधारण चोवीस मीटर. आतून-बाहेरून दोन्हीकडे सनमायका असेल तर अठ्ठेचाळीस. फोटोफ्रेमची कड जेमतेम दीड मीटर. अठ्ठेचाळीस मीटर चालणारं बिट आणि दीड मीटर चालणारं बिट यांना एकाच मापानं मोजायचं कशाला? बाराच्या बारा नगांचा डबा घेताना आपण नेमकं तेच करतो.

माझ्या डब्यातली चार बिटं वर्षभरात वापरली गेली. नऊशे भागिले बारा धरलं तर एक बिट पंचाहत्तर रुपयांना पडतं आणि स्वस्त वाटतं. नऊशे भागिले चार केलं तर सव्वादोनशे. त्या चारांतली दोन पुन्हा विकत घ्यावी लागली.

लाकूड ठरवतं धातू

दुकानात तीन प्रकार समोर येतील. एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टीलचं बिट. पोलादी दांड्यावर कार्बाइडची पट्टी डाकलेलं बिट, ज्याला बहुतेक जण टीसीटी म्हणतात. आणि अखंड कार्बाइडचं.

एचएसएसला नव्या कोऱ्या अवस्थेत फार सुरेख धार असते. मऊ पाइनवर ती लोण्यातून सुरी फिरावी तशी चालते. आपल्याकडचा माल मात्र पाइन नाही. नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनवर तुकडे निवडताना हाताला लागतं ते सागवान, आणि घरातलं उरलेलं काम प्लाय नि एमडीएफचं. सागवानात सिलिका असते. म्हणजे वाळूतली गोष्ट लाकडात, आणि ती धार घासून काढते. प्लायमध्ये थराथराला डिंक असतो. आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायमध्ये फिनॉलिक रेझिन, आयएस ३०३ मधल्या साध्या एमआर (ओलावा सोसणाऱ्या) प्रतीत बहुधा युरिया रेझिन. वाळल्यावर दोन्ही कडक होतात. एमडीएफ तर सगळाच तंतू आणि रेझिन. या तिन्हींवर एचएसएसची धार थोड्याच मीटरांत बोथट होते आणि बोथट बिट कापायचं सोडून घासायला लागतं. माझ्या पाटावरचा काळा डाग त्याच घासण्याचा.

म्हणून आपल्या कामासाठी कार्बाइडची पट्टी ही पहिली पायरी. अखंड कार्बाइड हवं ते बारीक व्यासाच्या आणि पीळदार बिटांसाठी. ते ओळखायची सोपी खूण वजन: टंगस्टन कार्बाइड पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असतं, हातात घेतलं की लगेच जाणवतं. मात्र ते ठिसूळही तितकंच. फरशीवर पडलं तर धारेचा कोपरा गेला म्हणून समजा.

जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळतं

स्वस्त बिटावरही "कार्बाइड" लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. फरक चार ठिकाणी पडतो.

पहिला फरक कार्बाइडच्या प्रतीचा. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये धरून, भाजून ही पट्टी करतात. कण बारीक असतील तर धार पातळ काढता येते आणि तिचे टवके लवकर उडत नाहीत. जाड कणांच्या पट्टीची धार भिंगाखाली करवतीसारखी दिसते. दुसरा फरक जाडीचा: पट्टी कागदासारखी पातळ असेल तर पुन्हा धार लावायला काही उरतच नाही.

तिसरा फरक डाक. पट्टी दांड्याला चांदीच्या डाकानं जोडलेली असते. हा सांधा सुटला तर पट्टी उडते. कुठल्या वेगानं उडते त्याचा हिशेब करून पाहा. मकिताचा ३७०९ सारखा साधा ट्रिमर मिनिटाला ३०,००० फेरे घेतो. ६ मिलिमीटर व्यासाच्या बिटाची कड त्या फेऱ्यांना ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगानं जाते. तेच २५ मिलिमीटरचं बिट घातलं तर ताशी १४१. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे आणि ही पट्टी तुमच्या पोटापासून हातभर अंतरावर तिच्यापेक्षा जोरात फिरत असते. त्यामुळे माझा नियम सरळ आहे. व्यास वाढला की स्वस्त बिट बाद.

चौथा फरक समतोल आणि बेअरिंग. दोन धारांपैकी एक जरा जास्त बाहेर असेल तर कापण्याचं काम एकटी तीच करते, दुसरी नुसती फिरते. मशीन हातात झिणझिण्या आणतं आणि कड लहरी-लहरी येते. बेअरिंगबद्दल, म्हणजे कडेला टेकून बिटाला हद्द घालणाऱ्या चाकाबद्दल, पुढे सांगते, कारण घरगुती कामात सर्वांत जास्त नाडतं ते तेच.

रंगाला मात्र पैसे देऊ नका. लाल, केशरी, निळा, काळा, कुठलाही रंग दिला तरी धार तीच राहते. काही कंपन्यांचे रंग प्रसिद्ध आहेत, म्हणून नक्कल करणारेही तोच रंग मारतात.

दुकानात दहा मिनिटं

इतवारी-गांधीबागच्या हार्डवेअरच्या गल्लीत गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं: "एकच काउन घेता ताई, सेटच नेऊन टाका ना, सगळेच नेऊन राहिले." हसून सुटं बिट मागा, सकाळी गर्दी व्हायच्या आत जा आणि मोबाइलचा टॉर्च लावा.

शँक आधी मोजा, दोन ठिकाणी, वर आणि खाली. दोन्हीकडे माप सारखं यायला हवं. पाव इंची म्हणून विकलेल्या शँकला ६.२ यायला लागलं तर परत ठेवा. शँक घासून चकचकीत केलेली असावी. तिच्यावर रंग ओघळलेला असेल तर कोलेट रंगाला धरेल, पोलादाला नाही. काउंटरच्या काचेवर शँक घरंगळवा. काच आणि शँक यांच्यात उजेडाची फट उघडझाप करत असेल तर ती वाकडी आहे.

मग डाक. पट्टी आणि दांडा यांच्या मध्ये सलग, चमकती रेघ दिसायला हवी. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, काळपट पोकळी किंवा एका टोकाला न भरलेली फट दिसली तर बिट कितीही देखणं असो, घेऊ नका. ही एकच तपासणी करायला वेळ असेल तर हीच करा.

धार पाहायला पट्टीची सपाट बाजू टॉर्चखाली तिरकी धरा. चांगल्या बिटाची बाजू आरशासारखी असते. स्वस्त बिटावर खरबरीत ओरखडे दिसतात आणि ते थेट धारेपर्यंत येतात. नखावर धार हलकेच ओढली तर बारीक पांढरा कीस निघाला पाहिजे. नुसती घसरली तर ती बोथट. दुकानदार जरा विचित्र नजरेनं पाहतो, पाहू द्या.

बेअरिंग असलेल्या बिटासाठी सहा इंची स्टीलची पट्टी सोबत न्या. ती बेअरिंग आणि धार दोन्हींवर आडवी टेकवा आणि बिट सावकाश फिरवा. धार सर्वांत बाहेर येते त्या ठिकाणी पट्टी दोन्हींना एकाच वेळी टेकायला हवी. बेअरिंग केसभर मोठं असेल तर सनमायका किंचित पुढे राहतो, तो कानशीनं काढता येतो. बेअरिंग लहान असेल तर बिट शटरच्या कडेतच घुसतं, आणि ते परत भरता येत नाही. म्हणजे दोन चुकांपैकी पहिली परवडते, दुसरी नाही. बेअरिंग बोटानं फिरवा: खरखर नको, वर-खाली डुगडुग नको. वरचा बारीक स्क्रू कुठल्या पान्यानं उघडतो तेही विचारून तो पाना तिथेच मागून घ्या, नंतर मिळत नाही.

शेवटी शँकवरची अक्षरं. जास्तीत जास्त फेरे, व्यास आणि बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असावं. युरोपात विकल्या जाणाऱ्या बिटांसाठी ईएन ८४७-१ हे सुरक्षेचं मानक आहे आणि हातानं चालवायच्या हत्यारावर त्यानुसार "मॅन" अशी खूण असते. खूण छापणं सोपं असतं, तेव्हा नुसत्या खुणेवर भाळू नका. पण काहीच न लिहिलेल्या मोठ्या बिटाला तर हातही लावू नका.

मग घ्यायचं काय

लोक सहसा सांगतात की आधी स्वस्त सेट घ्या, जे झिजेल ते चांगलं आणा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मला ते पटत नाही. नवशिक्याला बिट बोथट झालं की आपला हात चुकला, हेच कळत नाही. मी महिनाभर बिटाला दोष देत होते, मग महिनाभर माझ्याच हाताला. शिकताना निदान एक बाजू भरवशाची हवी. म्हणून सर्वांत जास्त चालणारी तीन बिटं पहिल्या दिवसापासून चांगली घ्या.

पहिलं, दोन धारांचं ६ मिलिमीटर व्यासाचं सरळ बिट, खाचांसाठी. दुसरं, खाली बेअरिंग असलेलं कड साफ करायचं बिट, ज्याला दुकानात फ्लश ट्रिम म्हणतात. तिसरं, ६ मिलिमीटर त्रिज्येचं गोलाईचं बिट, बेअरिंगसह. या तिन्हींना मिळून मी साधारण सतराशे रुपये दिले, म्हणजे डब्याच्या जवळपास दुप्पट. घासाघीस करून, एकेक करून, तीन महिन्यांत घेतली. एकदम घेतलीच पाहिजेत असं नाही. ज्या कामाची वेळ आली त्याचं बिट आणा.

स्वस्तातलं कुठे चालतं? नक्षीदार कडेचं बिट, जे वर्षातून एकदा फोटोफ्रेमला लागतं. व्हीच्या आकाराचं, पाटीवर नाव कोरायला. अर्धगोल खाचेचं, पेन ठेवायच्या तबकासाठी. व्यास लहान, काम थोडं आणि कोलेटचं माप बरोबर असेल तर पंचाहत्तर रुपयांचं बिट बिनधास्त वापरा. फोटोफ्रेमनंतर ते डब्यात जाईल आणि पुढच्या वर्षीही धारदारच असेल.

मधला मार्गही आहे. पीळदार अखंड कार्बाइडची बिटं महाग पडतात, पण सनमायका लावलेल्या प्लायला खाच मारताना वरची कड सरळ बिटानं हमखास चिरते. तिथे भुसा खाली ढकलणारं, डाउनकट, पीळदार बिट कमालीची साफ कड देतं. भुसा वर ओढणारं अपकट उलट वरच्या थराला उचकटतं. शिवाय ते स्वतःलाही कोलेटबाहेर ओढू पाहतं, म्हणून सैल कोलेटच्या ट्रिमरमध्ये ते नकोच. माझ्या मते पहिल्या वर्षी पीळदार बिट घेऊ नये. खाच मारायच्या आधी सुरीनं कडेवर रेघ कोरून घेतली तरी निम्मं काम होतं, तेही फुकटात.

आणि काय कधीच स्वस्तात घ्यायचं नाही? फ्लश ट्रिम, आणि २५ मिलिमीटरहून मोठ्या व्यासाचं काहीही. मोठ्या बिटांना वेग कमी लागतो. सर्वसाधारण अंदाज असा की एक इंचापर्यंत २४,००० फेरे, दोन इंचांपर्यंत १८,०००, त्याहून मोठ्याला १६,००० किंवा आणखी कमी. बिटावर कमी आकडा लिहिलेला असेल तर तोच खरा. ट्रिमरला वेग कमी करायची चकती नसेल तर मोठ्या बिटाचा विषय तिथेच संपतो. दाराच्या फळीला उंचवटा काढायचं दोन इंची बिट पाव इंची शँकवर विकताना मी पाहिलं आहे. फुकट दिलं तरी नको.

घरी आणल्यावर पहिली चाचणी

प्लग काढा. शँक कोलेटमध्ये तळापर्यंत घाला आणि मग दोन मिलिमीटर वर ओढा. तळाला टेकवून आवळलं की आवळताना ती पुरती पकडली जात नाही. निदान वीस मिलिमीटर शँक आत हवी. खोली कमी पडते म्हणून बिट बाहेर ओढून वापरू नका. रिकामं कोलेट कधी आवळू नका, ते आकसून कायमचं बिघडतं.

आता एमडीएफचा टाकाऊ तुकडा शिकंज्यानं टेबलाला बांधा. तुकडा हातात धरून चाचणी करायची नाही. मशीन हवेतच चालू करून दहा सेकंद ऐका. चांगल्या बिटाचा आवाज एकसुरी शिट्टीसारखा येतो. स्वस्तात थरथर मिसळलेली असते, ती तळहातालाच कळते. थरथर जास्त असेल तर बंद करून बिट काढा, कोलेट ब्रशनं पुसा, पुन्हा बसवा. पुष्कळदा दोष कोलेटमध्ये अडकलेल्या भुशाचा असतो.

६ मिलिमीटरच्या सरळ बिटानं तीन मिलिमीटर खोल, हातभर लांब खाच मारा, बाजूला सरळ पट्टी बांधून. खाचेत ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटाची मागची शँक घालून पाहा. ती जेमतेम सरकली तर बिट सरळ फिरतंय. खुळखुळ हलली तर बिट डोलतंय आणि खाच त्याच्या व्यासाहून रुंद होतेय. फळ्या सैल बसण्याचं कारण असं इथेच सापडतं. एका चांगल्या आणि एका स्वस्त बिटाच्या खाचा मी शेजारी-शेजारी मारून ठेवल्यात, तारीख घालून. नवीन बिट आलं की त्याच पाटीवर तिसरी खाच.

त्यानंतर सागवान, आणि इथे माझ्या नंदीच्या पाटाचं निम्मं उत्तर आहे. पाटाच्या चार कडांपैकी आधी आडव्या रेषांच्या, म्हणजे टोकाच्या कडा मारायच्या. टोकाशी कोपऱ्याची ढलपी उडणारच. मग लांब कडा मारल्या की बिट तेच कोपरे कापून साफ करतं. मी उलटं केलं होतं. कड तुमच्या पोटाकडे असेल तर मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं. पाटाभोवती ते घड्याळाच्या उलट दिशेनं जातं. चौकटीच्या आतली कड असेल तर घड्याळाच्या दिशेनं. दिशा चुकली की बिट मशीनला पुढे पळवतं आणि हात मागे राहतो.

एका फेरीत एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच. सहा मिलिमीटरची गोलाई दोन-तीन फेऱ्यांत काढा, शेवटची फेरी केसभरच ठेवा. आणि थांबू नका. जागच्या जागी फिरणारं बिट, महागातलं असो की स्वस्तातलं, लाकूड जाळतंच. फार हळू सरकवणंही जाळण्यासारखंच. सरकवताना भुसा उडतो की पीठ, ते पाहा. बारीक कीस उडत असेल तर वेग बरोबर. पिठासारखी धूळ उडत असेल तर तुम्ही हळू आहात किंवा धार गेली आहे.

चष्मा, कानाला प्लग, आणि एन९५ मास्क. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, एमडीएफच्या धुळीत रेझिनही मिसळलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात मास्क लावून काम करणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी सकाळी सहा ते आठच काम करते. कूलर चालू असताना तर अजिबात नाही. एकदा केलं होतं. कूलरनं सगळी धूळ बाल्कनीतून थेट घरात ओढली आणि दोन दिवस पोळ्यांनाही एमडीएफचा वास येत होता.

टिकवायचं कसं

महाग बिट स्वस्तासारखं वापरलं तर ते स्वस्तच पडतं, म्हणजे लवकर मरतं. सागवानाचा तेलकट चीक आणि प्लायचा डिंक धारेमागे साचतो, तो तापतो, आणि बिट बोथट झाल्यासारखं वागतं. फेकायच्या आधी धुऊन पाहा. बेअरिंग काढून बाजूला ठेवा, बिट रॉकेल किंवा थिनरमध्ये पंधरा मिनिटं, मग जुना टूथब्रश. बेअरिंग कधी बुडवू नका, आतलं ग्रीस निघून जातं. ते नुसतं पुसा. सनमायकाचं काम करताना चिकट सोल्युशन बेअरिंगला लागतं, बेअरिंग फिरायचं थांबतं आणि सनमायकाच्या कडेवर काळी रेघ उमटते. दर दोन शटरांनंतर थिनरच्या फडक्यानं पुसलं तर हा त्रास होत नाही. फडकं फिरवायच्या आधी प्लग काढा, आणि थिनरचं भांडं मशीनपासून लांब.

पट्टी पुरेशी जाड असेल तर घरच्या घरी थोडी धारही येते. बारीक दाण्याची हिऱ्याची कानस घ्या, पाण्यानं ओली करा, आणि पट्टीच्या आतल्या सपाट बाजूवर पाच-सहा वेळा सपाट फिरवा. दोन्ही धारांवर मोजून तितकेच हात. बाहेरची गोलाईची बाजू अजिबात घासायची नाही. ती घासली की व्यास आणि आकार दोन्ही बदलतात आणि फ्लश ट्रिमचं बेअरिंगशी जुळलेलं माप कायमचं जातं. लहान बिट धार लावायला बाहेर देणं मला तरी परवडलं नाही.

पावसाळ्यात शँकवर गंज चढतो आणि गंजलेली शँक कोलेटला खरवडते. जूनमध्ये मी सगळ्या शँकवर मशीनच्या तेलाचा हात फिरवते, वापरायच्या आधी तो कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसते. बिटं एका डब्यात एकमेकांवर आदळत ठेवू नका. लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडून उभी ठेवा, भोकं अर्धा मिलिमीटर सैल.

आणि ही लक्षणं दिसली की बिट टाकायचं, मग ते दीड हजाराचं असलं तरी: पट्टीचा टवका उडालेला, डाकात चीर, शँकवर खोल ओरखडे किंवा तापून आलेला निळसर रंग. असं बिट मुलांच्या हाती लागणार नाही अशा तऱ्हेनं चिकटपट्टीत गुंडाळून भंगारात द्या.

माझ्या त्या बारा नगांच्या डब्यातली आठ बिटं अजून कोरी आहेत. चारांतलं गोलाईचं बिट भंगारात गेलं, फ्लश ट्रिम त्याच्या आधीच. सरळ बिट मी जुनं, रंग लागलेलं प्लाय कापायला ठेवलंय, चांगल्याला तिथे पाठवायचं नाही म्हणून. चौथं, नक्षीचं, गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या देवघराच्या चौकटीला वापरलं. भाच्याचा नंदी अजून त्याच फुटक्या पाटावर आहे. नवा पाट करून देते म्हटलं तर तो नको म्हणतो. नंदीनं खाल्लेला कोपरा त्याला शाळेत दाखवायचा असतो.